खुर्द्याचा हिशेब

होळकर पूल ओलांडून मुळा रोडला लागलं की खडकीची युद्ध दफनभूमी येते. रोज हजारो पुणेकर तिच्यावरून जातात, आत शिरणारे थोडे. मी अधूनमधून जाते. तिथली हिरवळ इतकी नीट राखलेली असते की एवढी निगा या शहरात दुसऱ्या कुठल्या सार्वजनिक जागेची होताना मी पाहिलेली नाही. सकाळी गेलं तर एखादा माळी उकिडवा बसून दगडाच्या पायथ्याशी वाढलेलं गवत हाताने कातरत असतो. यंत्र फिरवलं तर दगडाला लागेल म्हणून हाताने. एक दगड झाला की तसाच बसल्या बसल्या सरकून पुढच्याकडे जातो. दुसऱ्या महायुद्धातले 1,668 जण इथं पुरलेले आहेत. दगडांवरची वयं वाचत गेलं की पाय आपोआप मंदावतात.

हे सगळे काही पुण्यात मेले नाहीत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी त्यांच्या कबरी होत्या. त्यांची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, म्हणून त्या इथं एकत्र आणल्या गेल्या. याच आवारात पहिल्या महायुद्धाचंही एक स्मारक आहे. त्यावर अठराशेहून जास्त नावं आहेत, आणि त्यांतल्या 629 जणांचे अवशेष मार्च 1962 मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून इथं हलवले गेले. त्यांना मरून तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. सहाशेवर माणसांची हाडं उकरली, मोजली, नोंदली आणि घाट चढवून खडकीला आणून पुन्हा सन्मानाने पुरली.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ तिथल्या कट्ट्यावर बसून राहिले. कारण लहानपणापासून मी घरात ऐकत आले होते की लढाईत दूर मेलेल्या माणसाचं काहीच परत आणता येत नाही. आणता येतं. मनावर घेतलं, खर्च केला आणि कागद नीट ठेवले तर चाळीस वर्षांनीही येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. परक्या झेंड्याखाली लढून मेलेल्या माणसाचा देह, तो नाही तर निदान अस्थी, घरी पोचवणं हे ज्याने त्याच्या हाती बंदूक दिली त्याच्यावरचं कर्ज आहे. ते वसूल करून देणं हे त्या माणसाच्या मायदेशातल्या सरकारचं काम आहे. तो का गेला, कुणाच्या नादाने गेला, किती पगारावर गेला, हे प्रश्न नंतरचे. आणि देह आणायचा की तिथंच मातीला द्यायचा, हे घरच्यांनी ठरवायचं. इतर कुणीही नाही.

हे आत्ता लिहायचं कारण रशिया. गेली काही वर्षं आपल्या देशातली तरुण मुलं एजंटांच्या मार्फत रशियाला जात आहेत. कुणाला मदतनिसाचं काम सांगितलं, कुणाला सुरक्षारक्षकाचं, कुणाला शिक्षणाचं. तिथं गेल्यावर रशियन भाषेतल्या करारावर सही घेतली आणि थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर युक्रेनच्या आघाडीवर उभं केलं. जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं दिलेली माहिती अशी होती: रशियन सैन्यात गेलेल्या 126 भारतीयांची प्रकरणं समोर आली, 96 जण परतले, 12 मेले आणि 16 जण बेपत्ता. पुढे हे आकडे आणखी वाढले. 2024 च्या मार्चमध्ये सीबीआयनं या एजंटांविरुद्ध गुन्हा नोंदवला, जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. सुटका व्हावी म्हणून प्रयत्न झाले, हे मान्य करायलाच हवं.

पण त्या 16 जणांच्या घरांचं माझ्या मनात येत राहतं. बेपत्ता म्हणजे काय? बायकोने मंगळसूत्र ठेवायचं की काढायचं? बाराव्या-तेराव्याचं काय? विमा, बँकेचं खातं, शेताच्या सातबाऱ्यावरचं नाव, सगळं अडून राहतं. मृत्यूचा दाखला नसेल तर कायद्यानं सात वर्षं थांबावं लागतं, तोवर तो माणूस जिवंतच धरतात.

पुण्याला हे नवीन नाही. देह न मिळणं म्हणजे काय, याचा सगळ्यात कडू धडा या शहराने गिरवलेला आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवलंय की भाऊंचा देह शोधला, ओळख पटवली आणि त्याला अग्नी दिला. पण तो देह शिर नसलेला होता, आणि पानिपत पुण्यापासून फार लांब. इथं कुणाची खात्री पटेना. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य पत्करलं नाही, असं सांगतात. पुढं एक माणूस उठला आणि म्हणाला, मीच भाऊ. लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला, कारण विश्वास ठेवायला जागा होती. सरदार फुटले, किल्ले त्याच्या हाती गेले, लढाया झाल्या. 1776 मध्ये त्या तोतयाला देहान्त शासन दिलं तेव्हा कुठं प्रकरण मिटलं. पानिपतानंतर पंधरा वर्षं एका न सापडलेल्या देहानं पेशवाईला पोखरलं. पार्वतीबाई तर त्यानंतरही सात वर्षं होत्या.

भाऊंसारख्या माणसाच्या बाबतीत ही गत, तर बाकीच्यांचं काय? पानिपताची बातमी नानासाहेबांना ज्या निरोपातून कळली तो मराठी माणसाला पाठ असतो. शब्द थोडे इकडेतिकडे सांगतात, पण गाभा एकच: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. सावकाराची सांकेतिक भाषा होती ती, बातमी फुटू नये म्हणून वापरलेली. तरीही ‘खुर्दा’ हा शब्द मला टोचतो. मोत्यांची नावं आपण शाळेत शिकलो. मोहराही इतिहासाने मोजून ठेवल्या. खुर्दा म्हणजे हजारो बारगीर, शिलेदार, गारदी आणि बुणगे. त्यांच्या घरी कुणी निरोप नेला?

दीडशे वर्षांनी पुन्हा तेच झालं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आताच्या इराकला, जी फौज गेली तिच्यात सहावी डिव्हिजन होती, आणि तिचं नावच ‘पूना डिव्हिजन’ होतं. तिच्यात मराठा पलटणी होत्या, खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तुकड्या होत्या. डिसेंबर 1915 पासून ही डिव्हिजन कूत-अल-अमारा इथं तुर्कांच्या वेढ्यात अडकली. घोडे-खेचरं मारून खाल्ली. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. जनरल टाउनशेंडना तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावरच्या बंगल्यात मानाने ठेवलं. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं. वाटेत तहानेनं, हगवणीनं आणि उपासमारीनं माणसं मेली, ती जिथं पडली तिथंच राहिली.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. गोऱ्या शिपायांची नावं त्यावर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र फक्त संख्या लिहिली: अमुक पलटण, आणि इतर इतके. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं 2021 मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान 1,16,000 जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं आठवण ठेवलीच गेली नाही किंवा कुठलीच ठेवली नाही. त्यांत बहुतेक आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले. शिवाय 45 ते 54 हजारांना गोऱ्यांपेक्षा कमी दर्जाची आठवण मिळाली. अहवाल यायला शंभर वर्षं लागली, पण आला, आणि आयोगानं माफीही मागितली. हे मला महत्त्वाचं वाटतं.

याच आयोगानं पुढं चालवलेलं दुसरं धोरण मात्र चर्चेत कमी येतं. 1915 पासून ब्रिटिशांनी देह घरी नेण्यावर बंदी घातली. जो जिथं पडला त्याला तिथंच पुरायचं. त्यामागचा विचार हलका नव्हता. श्रीमंत घरचा अधिकारी पेटीतून घरी जाईल आणि कोळशाच्या खाणीतल्या मजुराचा पोरगा चिखलात राहील, हे त्यांना नको होतं. म्हणून सगळ्यांना सारखा दगड. हुद्दा, धर्म, जात, काही असो, दगडाची उंची तीच. खडकीत फिरताना ही समता डोळ्यांना दिसते आणि मी तिच्यापुढे मान झुकवते.

तरीही मला हे धोरण पटत नाही. इंग्लंडमधल्या हजारो आयांनाही पटलं नव्हतं. लीड्समधल्या एका आईने 1919 मध्ये संघटना काढली, मुलांचे देह घरी आणू द्या म्हणून सह्या गोळा केल्या, अर्ज केले. सरकार ऐकलं नाही. सगळ्यांना सारखं नाकारणं ही समताच, पण तिचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी एकाही आईला विचारलं नव्हतं. आणि जिथं आई काळी किंवा सावळी होती, तिथं तर सारखा दगडही दिला नाही. बसऱ्याचं सांगितलंच.

अमेरिकेनं त्याच युद्धानंतर वेगळं केलं. प्रत्येक घरी पत्र पाठवून विचारलं: तुमचा माणूस तिथंच ठेवायचा, की आणायचा? सुमारे 46 हजार देह समुद्रापार परत आले, सुमारे 30 हजार युरोपातल्या अमेरिकी दफनभूमीत राहिले. त्या सैन्यात परदेशात जन्मलेले शिपाई मोठ्या संख्येनं होते. जवळजवळ दर पाच-सहा जणांत एक. इटलीतून, आयर्लंडमधून, पोलंडमधून पोट भरायला आलेली मुलं. त्यांच्या घरच्यांना तिसरा पर्यायही होता: देह अमेरिकेला न आणता थेट त्याच्या जन्मगावी पाठवायचा. काही आईबापांनी तो निवडला. लेक अमेरिकेला गेला होता कमवायला, अमेरिकेच्या गणवेशात फ्रान्समध्ये मेला आणि शेवटी आपल्या गावच्या चर्चमागे आजोबांशेजारी विसावला. शंभर वर्षांपूर्वी, जहाजं आणि पोस्टाच्या जोरावर हे होऊ शकलं.

आणि आपण स्वतः काय करतो? आपल्या सैन्यात सात गोरखा रेजिमेंट आहेत. त्यांत नेपाळचे नागरिक आहेत, 1947 च्या त्रिपक्षीय कराराने आलेले. त्यांतला एखादा काश्मीरमध्ये पडला तर त्याचा देह तिरंग्यात गुंडाळून नेपाळमधल्या त्याच्या गावी पोचवला जातो, आणि विधवेला पेन्शन भारत सरकार देतं. तो भारतीय नागरिक नव्हता, पगारावर आला होता, असं म्हणून कुणी हात झटकत नाही. म्हणजे दुसऱ्या देशाच्या मुलाला लढायला लावलं तर त्याला घरी नेऊन सोडायचं, हा नियम आपण पाळतो. तोच नियम आपल्या मुलांसाठी दुसऱ्याकडून मागायला आपण कचरायचं का? पुण्यात रात्री शिट्टी मारत फिरणाऱ्या प्रत्येकाला आपण सरसकट ‘गुरखा’ म्हणतो, नाव विचारत नाही. त्याच्या गावाकडे मात्र असे किती तिरंगे पोचलेत, ते त्याला विचारून बघावं.

आपल्याकडेही देह घरी आणण्याची रीत तशी अलीकडची. 1962, 1965, 1971 च्या युद्धांत बहुतेकांना आघाडीवरच अग्नी दिला गेला, घरी आली ती तार, आणि मागाहून ट्रंक. 1999 मध्ये कारगिलच्या वेळी देह गावी पाठवायचं ठरलं आणि देशाचं युद्धाकडे बघणं बदललं. सातारा, कोल्हापूर, सांगलीच्या गावांतून शवपेटी आली की पंचक्रोशी लोटते, शाळा सुटतात, पोरं झाडावर चढून बघतात. युद्धाची किंमत टीव्हीवर ऐकणं वेगळं आणि आपल्या गावच्या ओढ्याकाठी जळताना बघणं वेगळं.

एकदा ठरवलं की सरकार किती लांब जाऊ शकतं, त्याचंही उदाहरण आहे. 19 कुमाऊं पलटणीचे लान्सनायक चंद्रशेखर हरबोला मे 1984 मध्ये सियाचिनवर हिमस्खलनात गाडले गेले. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांचे अवशेष सापडले, ओळख पटली ती त्यांच्या क्रमांकाच्या बिल्ल्यावरून. अडतीस वर्षांनी ते हल्द्वानीला घरी आले. तसंच 1968 मध्ये रोहतांगजवळ कोसळलेल्या हवाई दलाच्या विमानातल्या 102 जणांचं. सैन्य वर्षानुवर्षं त्या हिमनदीवर शोध घेत राहिलं आणि 2024 मध्ये आणखी चौघे मिळाले, छप्पन्न वर्षांनी. हे वाचताना माझा ऊर भरून येतो, आणि लगेच प्रश्न पडतो की हीच चिकाटी परक्या झेंड्याखाली मेलेल्या आपल्याच मुलासाठी का नसावी.

यावर जे उत्तर मिळतं ते मी आमच्या सोसायटीच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, सगळीकडे ऐकलंय. “गेले कशाला? पैशासाठीच ना?” हो, पैशासाठी. 1914 मध्ये साताऱ्याहून, रत्नागिरीहून जी पोरं पलटणीत भरती झाली तीसुद्धा महिना 11 रुपयांसाठी. दुष्काळ होता, जमीन सावकाराकडे होती, घरी तोंडं खाणारी होती. बादशहा पंचम जॉर्जसाठी जीव द्यावा असं त्यांतल्या किती जणांना मनापासून वाटलं असेल? आज त्यांच्या नावानं आपण गावात कमानी उभारतो, आणि बरोबरच करतो. मग सूरतचा किंवा हैदराबादचा पोरगा दीड-दोन लाखांच्या पगाराच्या आशेनं गेला तर तो लोभी कसा? शंभर वर्षांत एजंट बदलला, पोटाची खळगी तीच आहे. फसला असेल तर अधिक कीव यावी. समजून-उमजून गेला असेल, तरी मेल्यावर तो कुणाचा तरी मुलगाच आहे. देह काही शौर्याबद्दल दिलेलं पदक नव्हे की लायकी बघून द्यावं.

दुसरं उत्तर: युद्ध चालू आहे, तिथून देह आणणं अशक्य आहे. रशिया आणि युक्रेन एकमेकांचे कट्टर शत्रू. तरीही 2025 च्या जूनमध्ये इस्तंबूलला ठरल्यानंतर रशियानं युक्रेनला सहा हजारांहून अधिक देह परत केले. थंड डब्यांच्या गाड्या भरून. शत्रूला देता येतात, तर ज्याची मैत्री आपण जगाला सांगतो त्या देशाला का देता येऊ नयेत?

कायद्याची एक फट इथं आहे आणि ती बुजवायला हवी. 1949 च्या जिनिव्हा कराराचं सतरावं कलम सांगतं की मेलेल्याची ओळख नोंदवा, त्याच्या धर्माप्रमाणे सन्मानाने पुरा, जाळलं तर राख जपून ठेवा. त्याला जोडलेल्या 1977 च्या पहिल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे पुरवणी कराराचं, चौतिसावं कलम त्याहून पुढं जातं आणि अवशेष मायदेशी परत देण्याबद्दल बोलतं. भारतानं तो प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. शिवाय हे सगळं मुख्यतः शत्रूच्या मृतांचा विचार करून लिहिलेलं आहे. भाड्यानं घेतलेल्या परदेशी शिपायाच्या आईशी त्याच्या मालकाचं नातं काय, हे कुणी स्पष्ट लिहून ठेवलेलं नाही. म्हणून ते दोन देशांच्या करारात लिहून घ्यावं लागेल.

आता एक जवळून पाहिलेली गोष्ट सांगते, युद्धाची नाही. बोपोडीत आमच्या शेजारी आपा राहायच्या. त्यांचा मुलगा आखातात बांधकामावर असताना मेला. देह यायला तीन आठवडे लागले. रोज कुठला तरी कागद कमी पडायचा: तिथला मृत्यूचा दाखला, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद, दूतावासाचं ना-हरकत पत्र, देहावर रसायन चढवल्याचं प्रमाणपत्र. ज्या कचेरीत विचारायचो तिथून पुढच्या कचेरीचा नंबर मिळायचा. शेवटी एका पहाटे आम्ही सहारच्या कार्गोला गेलो. एका बाजूला आंब्याच्या पेट्या, यंत्रांचे खोके, आणि त्याच रांगेत आमचा कागद. तो मालाच्या पावतीचाच कागद होता. मालाच्या वर्णनाखाली ‘मानवी अवशेष’, आणि शेजारच्या रकान्यात वजन किलोत. आपांच्या धाकट्या मुलानं सही केली आणि मला विचारलं, “ताई, यात पेटीचं वजन धरलंय का?” मला उत्तर देता आलं नाही.

द्रुतगती मार्गानं येईपर्यंत दहा वाजले. पेटी पत्र्यानं बंद केलेली, उघडू नका असं सांगितलेलं. आपा म्हणाल्या, तोंड बघितल्याशिवाय माती देणार नाही. सुतार बोलावला. कापडाची एक बाजू सरली, आपांनी एकदा बघितलं, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आलास बाबा.” त्यानंतर त्या रडल्या. त्याआधीचे तीन आठवडे त्या रडल्याच नव्हत्या. जोहरच्या नमाजानंतर त्याला माती दिली. आज त्या रस्त्यावरून जाताना कब्रस्तानाच्या भिंतीशी थांबतात, दोन शब्द बोलतात, पुढं जातात.

युद्धात गेलेल्या मुलाच्या आईला हे तीन आठवडे तीन वर्षं होतात, आणि पुढं कार्गोचा तो कागदसुद्धा हाती येत नाही.

आपल्या धर्मांनी या दुःखाला वाट काढून ठेवली आहे, कारण ते जुनं आहे. देह मिळाला नाही तर दर्भाचा आणि 360 पळसपानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, त्याला पालाशविधी म्हणतात. तो माणूस पुढं जिवंत परतला तर त्याचे संस्कार जन्मापासून पुन्हा करायचे, हेही शास्त्रात सांगितलंय. पुतळा जाळतानासुद्धा मनात ‘कदाचित’ उरतं, हे शास्त्रकारांना ठाऊक होतं. मुसलमानांत गायबाना जनाजा असतो, म्हणजे देह समोर नसताना पढलेली जनाज्याची नमाज. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्रानं मेलेल्यांसाठी राखून ठेवली आहे. तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या. पण हे सगळे आधार आहेत ते देह मिळवण्याचे सगळे उपाय थकल्यावरचे. उपाय करायच्या आधीच सरकारनं घरच्यांना पळसपानांकडे बोट दाखवू नये.

उपाय फारसे अवघडही नाहीत. बेपत्ता झाल्याची खबर आली की रक्ताच्या नातेवाइकांचे नमुने त्याच आठवड्यात, जिल्ह्याच्या ठिकाणी, फुकट घ्यावेत आणि त्यांचं विश्लेषण समोरच्या देशाला द्यावं. घरच्यांनी दिल्लीच्या खेपा घालू नयेत. प्रत्येक घरासाठी एक अधिकारी नेमावा, नावानिशी, फोन उचलणारा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना शहीद जवानांच्या कुटुंबांशी कसं बोलायचं याचा अनुभव आहे, पण ती आपल्या सैन्यातल्यांसाठी असतात. परक्या सैन्यात मेलेल्याची विधवा तिथं गेली तर तिला सांगायला कुणाकडे नियम नाही. तो नियम करावा. परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी 2009 पासून एक कल्याण निधी आहे, त्यातून देह आणण्याचा खर्च देता येतो. तो ‘गरजू असल्यास’ न देता अशा प्रकरणांत हक्क म्हणून द्यावा आणि नंतर ज्या देशानं बंदूक दिली त्याच्याकडून वसूल करावा. घरच्यांची हरकत नसेल तर नावांची यादी जाहीर करावी. संसदेत आकडा सांगितला जातो, आणि आकडा म्हणजे पुन्हा खुर्दाच.

घरच्यांना विचारायचं हे मी पुन्हा पुन्हा म्हणते, कारण सगळ्यांना देह हवाच असेल असं नाही. रायगडच्या नाईक यशवंत घाडगेंचं बघा. 10 जुलै 1944 ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात शत्रूचं मशीनगनचं ठाणं एकट्यानं घेताना ते पडले, वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कुठं आहे ते माहीत नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि 2023 मध्ये मोंतोने या इटालियन गावानंही त्यांचं स्मारक उभारलं. परक्या गावानं आपल्या माणसाला आपलं म्हणणं, यातही समाधान असू शकतं. 2016 च्या सुमारास फ्रान्समध्ये गढवाल रायफल्सच्या दोन शिपायांचे अवशेष खणताना मिळाले, आणि पुढच्या वर्षी लावंतीला त्यांना लष्करी इतमामानं निरोप दिला गेला. शंभर वर्षांनी त्यांच्या घरचे शोधायचे कुठून? तिथली माती त्यांनाही आपली झाली असेल. पण जिथं आई हयात आहे, बायको आहे, पोर आहे, तिथं विचारायला कुणी अडवलंय?

खडकीच्या त्याच आवारात पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या जवळपास दोनशे सैनिकांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात ते भारतात आले आणि इथंच मेले. मी दर वेळी तिथं थांबते. त्यांच्या आयांना ‘पूना’ हा शब्द तरी कुणी सांगितला असेल का, असा विचार येतो.

आमच्या मूळ गावी मारुतीच्या देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या महाराष्ट्रात गावोगाव दिसतात. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढंच इंग्रजीत. आमच्या पाटीवर गेलेले सात, मेलेला एक. नाव नाही. दर दिवाळीला देवळाला चुना लागतो, तो अक्षरांत भरतो, आणि माझे वडील दर वर्षी काडीनं तो कोरून काढतात. तो एक म्हणजे त्यांचे चुलत आजोबा. मनिऑर्डर बसऱ्याहून यायची, ती एका महिन्यात बंद झाली, एवढंच घरात माहीत आहे. सर्वपित्रीला त्यांच्या नावाचं पान असतं.

गेल्या वर्षी मी युद्धकबर आयोगाच्या संगणकीय नोंदींत त्यांचं नाव शोधलं. दगडावर कोरलं नव्हतं ते आता तिथं चढवलंय. त्या नावाचे, मेसोपोटेमियात मेलेले, मराठा पलटणींतले तिघे निघाले. तिघांचेही शिपाई क्रमांक आहेत, मरणाच्या तारखा आहेत, बापाचं नाव एकाचंही नाही. आमचे कुठले ते कळायला मार्ग नाही. मी तिन्ही नोंदी छापून वडिलांना दिल्या. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचल्या, तारखा पंचांगाशी लावून तिथ्या काढल्या, आणि सर्वपित्रीला आईला सांगितलं, पानं तीन वाढ.